फॉक्सप्रोचा इंडेक्स पुन्हा पुन्हा का बिघडतो: जुने बिलिंग आणि नवा ई-इनव्हॉइस प्रोग्रॅम एकाच टेबलावर असताना

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेल आणि चादरींचे असे कारखाने आजही आढळतात, ज्यांचे बिलिंग, सूतखरेदी, पार्टी-लेजर आणि कामगारांचा पगार व्हिज्युअल फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस-भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालतो. मायक्रोसॉफ्टने फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनी १९९२ साली विकत घेतली, व्हिज्युअल फॉक्सप्रोची ९.० ही शेवटची आवृत्ती २००४ च्या अखेरीस आली, पुढची आवृत्ती निघणार नाही हे मार्च २००७ मध्ये जाहीर झाले आणि जानेवारी २०१५ मध्ये अधिकृत साहाय्यही संपले. तरीही हे प्रोग्रॅम विंडोज ११ वर चालतात, कारण ते ३२-बिट आहेत आणि ३२-बिट प्रोग्रॅम चालवण्याची सोय ६४-बिट विंडोजमध्ये कायम आहे. कारखानदाराच्या दृष्टीने चालू असलेली गोष्ट बदलण्याचे काही कारण नसते, आणि त्यात त्याचे चुकते असेही मला वाटत नाही.

अडचण सुरू झाली ती १ ऑगस्ट २०२३ नंतर. पाच कोटी रुपयांहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या व्यावसायिकांना त्या दिवसापासून ई-इनव्हॉइस बंधनकारक झाले. जुन्या प्रोग्रॅमला हात न लावता त्याच्या शेजारी सी-शार्प किंवा पायथॉनमधला एक छोटा प्रोग्रॅम बसवायचा, त्याने डीबीएफ टेबलातून (फॉक्सप्रो ज्या फाइलमध्ये माहिती ठेवते तिच्यातून) बिल वाचायचे, जेसन (माहिती पाठवण्याचा ठरावीक मजकूर-नमुना) तयार करून ई-इनव्हॉइस पोर्टलला पाठवायचे आणि मिळालेला आयआरएन (बिलाचा संदर्भ क्रमांक) त्याच टेबलात परत लिहायचा, असा मार्ग अनेक ठिकाणी निवडला गेला. मार्ग वाईट नाही. परंतु त्यातील शेवटची पायरी, म्हणजे परत लिहिणे, ही ज्या रीतीने केली जाते तिच्यातून खाली वर्णिलेला बिघाड पुन्हा पुन्हा उद्भवतो.

लक्षणे

ऑपरेटर सकाळी प्रलंबित बिलांची यादी उघडतो, तेव्हा काल पाठवलेली काही बिले त्या यादीत अजूनही दिसतात. तो ती पुन्हा पाठवतो आणि पोर्टलकडून २१५० क्रमांकाची चूक येते, म्हणजे या बिलाचा आयआरएन आधीच तयार झालेला आहे. आयआरएन हा विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि दस्तऐवजाचा क्रमांक यांवरून काढलेला ६४ अक्षरांचा हॅश (गणिताने काढलेला ठसा) असल्यामुळे तेच बिल दुसऱ्यांदा पाठवले की पोर्टल ते ओळखणारच. मग बिल उघडून पाहिले तर आयआरएनच्या रकान्यात क्रमांक व्यवस्थित भरलेला असतो! टेबलात माहिती आहे, पण यादीला ती दिसत नाही. काही दिवसांनी याच टेबलावर इंडेक्स (नोंदी झटपट शोधण्यासाठीची सूची) आणि टेबल जुळत नसल्याचे सांगणारी ११४ क्रमांकाची चूक येते, कोणीतरी मेंटेनन्सच्या मेनूतून रीइंडेक्स चालवतो, सर्व ठीक होते आणि पुढच्या आठवड्यात तेच घडते.

अशा वेळी सर्वसाधारण निदान ‘फॉक्सप्रो जुने झाले’ असे केले जाते. ते अपुरे आहे. फॉक्सप्रो एकटे चालत होते तेव्हा वर्षानुवर्षे हा त्रास नव्हता, याचा विचार आधी करायला हवा.

निदान कसे करावे

प्रथम टेबल आणि इंडेक्स यांपैकी बिघाड कशात आहे ते ठरवावे. फॉक्सप्रोच्या कमांड विंडोत टेबल उघडून, सेट ऑर्डर टू असे देऊन क्रम काढून टाकावा आणि मग ते बिल लोकेट फॉरने शोधावे. येथे एक बारकावा असा की, क्रम काढला तरी लोकेट फॉर इंडेक्स वापरतेच, फॉक्सप्रो २.० पासून आलेले रशमोर तंत्र अटीशी जुळणारा टॅग (इंडेक्समधील एक स्वतंत्र सूची) सापडला की थेट त्यावरूनच उत्तर काढते. त्यामुळे आदेशाच्या शेवटी नोऑप्टिमाइझ हा शब्द जोडला नाही, तर बिघडलेल्या इंडेक्सची तपासणी आपण बिघडलेल्या इंडेक्सनेच करत बसतो. नोऑप्टिमाइझसह नोंद सापडली आणि त्याविना सापडली नाही, तर टेबल शाबूत आहे आणि इंडेक्स मागे राहिला आहे, हे निश्चित समजावे.

यानंतर टेबलाचे शीर्ष तपासावे. डीबीएफ फाइल कोणत्याही हेक्स-दर्शकात उघडता येते. पहिला बाइट ३० असेल तर ते व्हिज्युअल फॉक्सप्रोचे टेबल, ०३ असेल तर जुन्या पद्धतीचे मेमो (लांब मजकुराचे फील्ड) नसलेले टेबल, एफ५ असेल तर फॉक्सप्रो २.x चे मेमो असलेले टेबल. शून्यापासून मोजल्यास चौथ्या ते सातव्या बाइटमध्ये एकूण रेकॉर्डांची संख्या असते, आठव्या-नवव्या बाइटमध्ये शीर्षाची लांबी आणि दहाव्या-अकराव्या बाइटमध्ये एका रेकॉर्डची लांबी. या तिन्ही संख्या उलट्या बाइट-क्रमाने, म्हणजे लहान बाइट आधी, अशा लिहिलेल्या असतात. व्हिज्युअल फॉक्सप्रोच्या टेबलात शीर्षाची लांबी २९६ अधिक प्रत्येक फील्डसाठी ३२ अशी येते. समजा, बिलांच्या टेबलात २० फील्ड आहेत, तर शीर्ष ९३६ बाइटचे. एक रेकॉर्ड २१२ बाइटचा आणि शीर्षात नोंदलेले रेकॉर्ड १४,३५० असतील, तर फाइलचा आकार ३०,४३,१३६ बाइट आणि शेवटचा समाप्ती-बाइट धरून ३०,४३,१३७ असायला हवा. प्रत्यक्षात तो ३०,४३,३४९ भरला, तर फरक बरोबर २१२ चा आहे, म्हणजे कोणीतरी एक पूर्ण रेकॉर्ड लिहिला पण शीर्षातील संख्या वाढवली नाही, किंवा वाढवण्याआधीच संगणक बंद पडला. आकार आणि संख्या जुळत असतील, तर टेबलाविषयीची शंका सोडून द्यावी आणि सगळे लक्ष इंडेक्सकडे वळवावे. अठ्ठाविसावा बाइटही पाहून घ्यावा. त्यातील सर्वात खालचा बिट टेबलासोबत सीडीएक्स (इंडेक्सची फाइल) आहे की नाही हे सांगतो. एखाद्या बाहेरच्या प्रोग्रॅमने टेबल नव्याने लिहून काढले आणि तो बिट शून्य केला, तर फॉक्सप्रो टेबल विनातक्रार उघडते, परंतु इंडेक्स उघडतच नाही.

मूळ कारण

आता या सर्वाचा धागा मागे नेला तर तो बहुधा ३२ आणि ६४ बिटच्या प्रश्नाशी पोहोचतो. फॉक्सप्रोच्या टेबलांशी बोलण्यासाठी मायक्रोसॉफ्टने दिलेला ओएलई डीबी प्रोव्हायडर फक्त ३२-बिट आहे. त्याची ६४-बिट आवृत्ती कधी निघालीच नाही. त्यामुळे कार्यालयात नवा संगणक आला, त्यावर नवा प्रोग्रॅम ६४-बिट म्हणून चालू केला की ‘प्रोव्हायडर या संगणकावर नोंदणीकृत नाही’ अशी चूक येते. प्रोव्हायडर पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करूनही ती जात नाही, कारण तो तेथे असतोच, फक्त ६४-बिट प्रक्रियेला तो दिसत नाही. ओडीबीसी या दुसऱ्या जोडणी-पद्धतीच्या बाबतीत या गोंधळात आणखी भर पडते, कारण ६४-बिट विंडोजमध्ये सिस्टीम३२ या फोल्डरातील ओडीबीसी व्यवस्थापक ६४-बिट असतो आणि सिसवाऊ६४ या फोल्डरातील ३२-बिट. नावे अशी उलटी ठेवण्यामागे जुन्या प्रोग्रॅमांची सोय पाहण्याचा हेतू होता, पण त्यापायी लोकांचे किती तास गेले असतील याचा हिशेब न केलेला बरा.

या टप्प्यावर नव्या प्रोग्रॅमचा कर्ता सुटकेचा मार्ग म्हणून प्रोव्हायडर सोडून देतो आणि डीबीएफ फाइल थेट वाचणारी-लिहिणारी एखादी मोफत लायब्ररी घेतो. वाचण्यापुरते ते उत्तम चालते. पायथॉनमधले डीबीएफरीड तर केवळ वाचण्यासाठीच आहे, म्हणून त्यापासून धोका नाही. परंतु लिहिण्याची सोय देणाऱ्या बहुतेक लायब्रऱ्या सीडीएक्स फाइलला हात लावत नाहीत. त्या टेबलातील बाइट बदलतात आणि बाहेर पडतात. बिलाची स्थिती ‘प्रलंबित’वरून ‘झाले’ अशी बदलली, तरी स्थितीच्या टॅगमध्ये ते बिल ‘प्रलंबित’ खालीच राहते, आणि प्रलंबितांची यादी रशमोर त्या टॅगवरून तयार करत असल्यामुळे प्रत्यक्ष रेकॉर्डमध्ये काय लिहिले आहे हे पाहण्याची गरजच त्याला वाटत नाही. नव्याने जोडलेल्या रेकॉर्डची गत याहून वाईट, कारण त्याची इंडेक्समध्ये एकाही टॅगखाली नोंद नसते आणि सीक (इंडेक्सवरून शोधण्याचा आदेश) त्याला कधीच शोधू शकत नाही. पुढे फॉक्सप्रो स्वतः त्या रेकॉर्डमध्ये बदल करू लागले, की त्याला जी जुनी किल्ली इंडेक्समधून काढायची असते ती तेथे सापडत नाही आणि विसंगती वाढत जाते.

कुलपांचाही प्रश्न आहे. फॉक्सप्रो रेकॉर्ड कुलूपबंद करताना फाइलच्या ठरावीक बाइट-जागा अडवते आणि हा संकेत फॉक्सप्रोच्याच इंजिनाला ठाऊक असतो. बाहेरची लायब्ररी तो पाळत नसेल, तर नवी पेठेतील दुकानाच्या काउंटरवर एक बिल जोडले जात असतानाच नवा प्रोग्रॅमही त्याच टेबलाच्या शेवटी नोंद लिहू शकतो, आणि दोघांपैकी एकाची नोंद दुसऱ्याच्या खाली गाडली जाते. क्यूआर कोडचा मजकूर आणखी एक अडचण उभी करतो. सही केलेला हा मजकूर साध्या अक्षर-फील्डच्या २५४ अक्षरांच्या मर्यादेत मावत नाही, म्हणून तो मेमो फील्डमध्ये, म्हणजे एफपीटी फाइलमध्ये जातो. एफपीटीची ठोकळ्यांची रचना डीबेसच्या डीबीटीपेक्षा वेगळी आहे, आणि लायब्ररीने ती चुकीची धरली तर मेमो फाइल अवैध असल्याची ४१ क्रमांकाची चूक येते. इंडेक्स पुन्हा बांधता येतो. मेमो बिघडला तर मजकूर गेला.

दुरुस्ती

दुरुस्तीपूर्वी सर्वांना प्रोग्रॅममधून बाहेर काढावे आणि डीबीएफ, सीडीएक्स, एफपीटी या तिन्ही फाइल एकत्र दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. सीए कार्यालयाला पेनड्राइव्हवर फक्त डीबीएफ नेऊन देण्याची जी सवय अनेकांना असते, तिच्यामुळे तिकडे सीडीएक्स सापडत नाही अशी १७०७ क्रमांकाची चूक येते, ते येथेच सांगून ठेवतो.

त्यानंतर केवळ रीइंडेक्स करून थांबू नये. रीइंडेक्स हे आहे त्या सीडीएक्समधील टॅगांच्या व्याख्यांवर विसंबून काम करते. त्या व्याख्याच बिघडल्या असतील तर बिघाड नव्या इंडेक्सात जसाच्या तसा उतरतो. टॅगांची नावे, त्यांची सूत्रे आणि अटी आधी लिहून घ्याव्यात, टेबल एक्सक्लुझिव्ह उघडून डिलीट टॅग ऑल द्यावे आणि प्रत्येक टॅग इंडेक्स ऑनने पुन्हा बांधावा. टेबल सुटे नसून डीबीसीमध्ये (अनेक टेबले एकत्र बांधणाऱ्या डेटाबेसात) असेल तर मात्र घाई करू नये, कारण सर्व टॅग काढताना प्राथमिक किल्ली आणि तिच्यावर बांधलेले संबंधही निघून जातात. व्हिज्युअल फॉक्सप्रोसोबत येणारा जेनडीबीसी हा प्रोग्रॅम सर्व काही सुरळीत असताना एकदा चालवून, त्याने तयार केलेली रचनेची फाइल जपून ठेवलेली असेल, तर हे काम काही मिनिटांचे होते.

पुन्हा होऊ नये म्हणून

माझे मत असे आहे की टेबलात लिहिण्याचा अधिकार एकट्या फॉक्सप्रोच्या इंजिनालाच असावा, मग ते इंजिन कोणत्याही दाराने येवो. नवा प्रोग्रॅम सी-शार्पमध्ये आहे की पायथॉनमध्ये, हा मुद्दा त्यापुढे गौण आहे.

सर्वात सोपे दार म्हणजे नवा प्रोग्रॅमच ३२-बिट करणे. सी-शार्पमध्ये प्लॅटफॉर्म टार्गेट एक्स८६ असे निश्चित निवडावे, एनीसीपीयूवर सोडू नये. आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरवर चालत असेल तर त्या अ‍ॅप्लिकेशन पूलमध्ये ३२-बिट प्रोग्रॅमांना परवानगी द्यावी. मग ओएलई डीबी प्रोव्हायडर सापडतो, आणि तो फॉक्सप्रोचेच इंजिन असल्यामुळे सीडीएक्स आणि कुलपे दोन्ही सांभाळतो. फक्त त्याच्या दोन सवयी लक्षात ठेवाव्यात. एक, त्याच्या जोडणीत सेट नल चालू असते, त्यामुळे नोंद जोडताना काही फील्ड वगळली तर फील्ड नल स्वीकारत नाही अशी १५८१ क्रमांकाची चूक येते. त्याच जोडणीवर आधी सेट नल ऑफ हा आदेश चालवावा. दोन, रिकामी तारीख नव्या प्रोग्रॅमकडे ३० डिसेंबर १८९९ अशी पोहोचते. ती न तपासता जेसनमध्ये घातली की पोर्टल बिल नाकारते आणि ऑपरेटर बिलाच्या तारखेत चूक शोधत बसतो.

नवा प्रोग्रॅम ६४-बिटच ठेवणे भाग असेल, तर फॉक्सप्रोमध्ये ओलेपब्लिक वर्ग लिहून त्याची ईएक्सई स्वरूपातील कॉम सेवा बनवावी. ती वेगळ्या प्रक्रियेत चालत असल्यामुळे ६४-बिट प्रोग्रॅमही तिला हाक मारू शकतो. डीएलएल स्वरूपात बनवली तर मात्र हे जमत नाही, कारण डीएलएल हाक मारणाऱ्याच्याच प्रक्रियेत शिरते.

मला स्वतःला याहूनही साधा मार्ग अधिक पसंत आहे. नव्या प्रोग्रॅमने टेबल फक्त वाचावे. पोर्टलचे उत्तर, म्हणजे बिल क्रमांक, आयआरएन, पावती क्रमांक, तारीख आणि क्यूआरचा मजकूर, एका ठरलेल्या फोल्डरात प्रत्येक बिलाची स्वतंत्र मजकूर-फाइल म्हणून टाकावे. आणि फॉक्सप्रोच्या प्रोग्रॅममध्ये एक टायमर किंवा एक बटण ठेवून त्याने त्या फाइली उचलून, सीक करून, रिप्लेसने भराव्यात. फाइल तात्पुरत्या नावाने लिहून पूर्ण झाल्यावरच तिचे नाव बदलावे, म्हणजे फॉक्सप्रो अर्धवट फाइल उचलणार नाही. उचललेली फाइल पुसून न टाकता दुसऱ्या फोल्डरात हलवावी. ई-इनव्हॉइस पोर्टलवर आयआरएन रद्द करण्यास २४ तासांचीच मुदत असते, म्हणून कोणत्या बिलाचे उत्तर केव्हा आले याचा असा कागदोपत्री माग हाताशी असणे उपयोगाचे ठरते. यासाठी जुन्या प्रोग्रॅममध्ये पंचवीस-तीस ओळींची भर घालावी लागते. तेवढा मूळ कोड उपलब्ध नसेल, तर एक वेगळा छोटा फॉक्सप्रो प्रोग्रॅमही हे काम करू शकतो.

इतर कारणे

वरील सर्व करूनही इंडेक्स बिघडत असेल, तर वीज आणि नेटवर्क पाहावे. डीबीएफ पद्धतीत सर्व्हर फक्त फाइल ठेवतो. इंडेक्समध्ये लिहिण्याचे काम ऑपरेटरचा संगणक करतो. म्हणून एकट्या सर्व्हरला यूपीएस असून भागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी वीज गेली आणि गोदामातला विना-यूपीएसचा संगणक बिल सेव्ह करता करता बंद पडला, तर सर्व्हर चालू असूनही सीडीएक्स अर्धवट राहतो. उन्हाळ्यापूर्वी सगळ्याच यूपीएसच्या बॅटऱ्या तपासाव्यात. कारखाना आणि शहरातील दुकान यांच्यामध्ये वाय-फाय किंवा व्हीपीएनवरून डीबीएफ उघडू नये. दुकानातून रिमोट डेस्कटॉपने सर्व्हरवरच प्रोग्रॅम चालवावा. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत शेअर केलेल्या फोल्डरची माहिती ऑपरेटरचा संगणक स्वतःजवळ साठवून ठेवतो, तेव्हा डेटा असलेल्या त्या एका शेअरपुरते लीजिंग (अशा साठवणीची परवानगी) बंद करून पाहणे योग्य.

पार्ट्यांची नावे श्रीलिपीसारख्या जुन्या मराठी फाँटमध्ये भरलेली असतील, तर परत लिहिण्याचा आणखी एक धोका असतो. विणकर, आडते आणि व्यापारी यांची तेलुगू-कन्नड आडनावे वर्षानुवर्षे या फाँटमध्येच भरली गेली आहेत. टेबलात ती युनिकोड मराठी म्हणून नसून केवळ आठ-बिट चिन्हे म्हणून असतात, आणि टेबलाचा कोडपेज (कोणता बाइट म्हणजे कोणते अक्षर याचा तक्ता) बहुधा १२५२ असा नोंदलेला असतो. पायथॉनने ती १२५२ म्हणून काटेकोरपणे वाचायला घेतली तर ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच बाइटांवर ते अडते, कारण त्या कोडपेजात या जागांना अक्षरच नेमलेले नाही. आणि चुका दुर्लक्षित करा असे सांगून पुढे गेले तर नावातील तेवढी चिन्हे गळतात. लॅटिन-१ म्हणून वाचल्यास एकही बाइट हरवत नाही. त्यानंतर त्या फाँटच्या तक्त्यावरून युनिकोड करावे, ते नव्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या डेटाबेसात ठेवावे आणि जुन्या टेबलातील नाव आहे तसेच राहू द्यावे.